शून्य रुपयांची तीन दरपत्रकं

मानेवाडा, नागपूर
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप आईंना,
मधुसूदनचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? डोळ्यात औषध वेळेवर पडतं ना? अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे, म्हणजे भैय्याजींकडून पत्र वाचून घ्यावं लागणार नाही. (कृपया घेऊच नका. तुमचे चिरंजीव माझे मेव्हणे असले तरी त्यांच्या पोटात गोष्ट चहा निवेपर्यंत टिकत नाही.) फोनच केला असता, पण तुमच्याशी फोनवर ओरडून बोलावं लागतं, आणि शेजारच्या खोलीत प्रेमलता रविवारच्या तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाची यादी करत बसली आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. पण तसं ते नाही.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही महिनाभर आमच्याकडे होतात, तेव्हा रोज संध्याकाळी प्रेमलता तुमच्यासमोर मोबाईल ठेवायची. तुम्ही आयुष्यातलं सांगायचात, ती रेकॉर्ड करायची. अशा तीस संध्याकाळी. रविवारी त्यातले निवडक भाग ती सगळ्या गणगोताला ऐकवणार आहे. तिचा मोबाईल भरला म्हणून मी ते सगळं एका मोठ्या डिस्कवर उतरवलं, मोबाईल रिकामा केला आणि ती डिस्क घरच्या सर्व्हरमध्ये बसवली. (सर्व्हर म्हणजे घरातले फोटो-आवाज सांभाळणारा कॉम्प्युटर. अपूर्वच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यातून मी स्वतः जोडला. चार स्क्रू उरले, पण चालतो.)

आता त्याला चालवायला एक ऑपरेटिंग सिस्टिम लागते, आणि खरं दुखणं तिथे सुरू झालं. अपूर्व पुण्याहून म्हणाला, "बाबा, डेबियन टाका. इतकं काय पाहून राहिले?" हिंगण्याहून आमचे जावई ऋषिकेश म्हणाले, "उबंटूच घ्या, सोपं पडते." मुलाचं ऐकावं तर जावई रुसणार. (मीही जावईच आहे, रुसणं म्हणजे काय ते मला शिकवायला नको.) चौतीस वर्षं सरकारी निविदा शाखेत काढलेला माणूस मी, प्रकरण नियमावर सोडलं. तीन दरपत्रकं मागवायची आणि सर्वांत कमी दर स्वीकारायचा. तिसरं दरपत्रक कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या ओमप्रकाशकडून आणलं. तो म्हणाला फेडोरा. रीतसर तुलनात्मक तक्ता आखला आणि दर भरले, तर शून्य, शून्य, शून्य. तिन्ही फुकट! असं टेंडर मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. दर समान आले तर चिठ्ठी काढतात, पण ती तिघांसमक्ष काढावी लागते, आणि तिघं एका जागी येईनात. शेवटी कोणावर अन्याय नको म्हणून तिन्ही सिस्टिम एकेक दिवस चाचणीला घ्यायच्या ठरवल्या.

डब्यात डिस्क दोन. एक लहान आणि कोरी, सिस्टिम टाकायची ती. दुसरी मोठी, तुमची. पडद्यावर दोन्हींची यादी आली, नुसते आकडे आणि अक्षरं. यादीत पहिलं नाव असेल त्याच्याकडे काम जातं, हे आमच्या ऑफिसात शिपायालाही ठाऊक होतं. मी पहिलीवर टिचकी मारली. 'यातील सर्व मजकूर नष्ट होईल, मान्य आहे?' असं त्याने विचारलं. असल्या ओळी प्रत्येक अर्जाच्या तळाशी असतात आणि त्या वाचून सही करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मान्य केलं. 'पूर्ण पुसायचं?' तेही मान्य, अर्धवट काम मला आवडत नाही. आणि हे सारं, आई, तीन दिवसांत तीनदा.

काल प्रेमलता सहज म्हणाली, "अहो, आईचं ते पहिल्या पगाराचं लावून द्या नं. शुक्रवारी मले निवडायले बसायचं हाय." मी मोठी डिस्क उघडली. आत फेडोरा होतं, दुसरं काहीही नव्हतं. वीज कमी-जास्त होते आहे, शुक्रवारी ऐकू, असं काहीतरी बोललो आणि डिस्क पिशवीत घालून ओमप्रकाशकडे पळालो. त्याने तासभर पाहिलं आणि म्हणाला, "काका, एकदा पुसलं असतं तं काही तरी काढून देलं असतं. तुमी तं तीनदा घासलं! काहून घासलं?"

प्रेमलता रागावेल याची मला भीती नाही. (आहे, पण ती सवयीची.) ती काहीच न बोलता आत निघून जाईल, याची आहे. आज मंगळवार, आणि ती मघापासून दोनदा विचारून गेली, वीज सुधारली का.

सर्वांना यथायोग्य नमस्कार. तब्येतीला जपा.

आपला,
मधुसूदन

ता. क. पत्र घेऊन येणाऱ्या भावनाबाई आमच्या शेजारी राहतात आणि रोज सावनेरच्या शाळेत जातात. त्यांना मी सांगितलं आहे की पाकिटात आमंत्रितांची यादी आहे. वाचून झालं की फाडून टाका. आणि सिस्टिम अजून ठरलेली नाही, म्हणजे अपूर्व आणि ऋषिकेश दोघंही रुसलेलेच आहेत.

ता. क. २. उद्या, म्हणजे बुधवारी, दुपारच्या बसने मी सावनेरला येतो. भैय्याजींना म्हणेन, मंडपाची जागा पाहायला आलो. माझा मोबाईल रिकामा करून आणतो. शुक्रवारपर्यंत जमेल तेवढं पुन्हा एकदा सांगाल का?

ता. क. ३. कुठून सांगू, असं तुम्ही विचाराल. मला नाही सांगता येणार. तुम्ही तीस संध्याकाळी बोललात आणि मी दुसऱ्याच दिवसापासून चपला घालून फिरायला निघून जायचो. काय पुसलं गेलं तेच मला माहीत नाही, आई. अगदी जन्मापासून सांगा. या वेळी मी समोर बसतो.