अर्धा राहिलेला पेला

राजुरी,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय हर्षाली,

प्रभूच्या नावाने आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. संपतदादा पहाटे टोमॅटोची गाडी घेऊन पुण्याला निघालेत, त्यांच्याच हाती देते आहे. वाचल्याशिवाय ठेवू नकोस.

माठ यंदा नवा घेतला नाही, जुनाच घासून भरला. तुझ्या पप्पांची बाटली मात्र रोज सकाळी वेगळी भरायची, दिवसभर तेवढंच पाणी. डायलिसिस सुरू झाल्यापासूनचा हा नेम. जन्मभर तेल-साखर मोजून वापरली, त्याचं कधी काही वाटलं नाही. पाणी मोजताना मी त्यांच्याकडे पाठ करायची. शेजारच्या म्हाळसाबाई एकदा बाटली बघून म्हणाल्या, “आगं बाय, आता पानीबी रेशनवर मिळाया लागलं का?” पप्पा कोरड्या ओठांनी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

शिवरात्रीच्या सुट्टीत तू आलीस, त्या दुपारी त्यांनी तुझ्याकडे पाणी मागितलं. तू माठातून पेला भरून दिलास, मग दुसरा. तो अर्धा झाला तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि त्यांच्या तोंडचा पेला हिसकावला. रात्री त्यांना दम लागला, नारायणगावला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. दवाखान्याच्या जिन्यात तू म्हणालीस, “तहानलेल्या माणसाला पाणी देणं पाप ठरतं, तो कसला देव गं आई?” तू एसटी धरलीस ती पुन्हा आली नाहीस.

उत्तम शुक्रवारी आपल्या चर्चच्या मंडळीत क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, तुला ठाऊक आहे. पाचवा, ‘मला तहान लागली आहे’ हा, वर्षानुवर्षं पप्पांचा. यंदा पाळक म्हणाले, राहू द्या. हे ऐकेनात. खुर्चीवर बसूनच बोलले. म्हणाले, “विहिरीवरच्या त्या शोमरोनी बाईला जिवंत पाणी देऊ करणारा प्रभू, शेवटी त्यालाच घोटभर मागावं लागलं. इतकी वर्षं मी तुम्हाला या तहानेचा अर्थ सांगत आलो, तहान मात्र आत्ता कळली. त्याला लोकांनी आंब, म्हणजे आंबट झालेला द्राक्षारस, दिली. मला माझ्या लेकीनं माठातलं गार पाणी दिलं.” एवढं बोलून त्यांनी बायबल मिटलं.

दुःख का येतं, हे मला मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणात कळलं नाही नि प्रार्थनेतही नाही. पण तुझ्या प्रश्नाचं थोडं उत्तर मला त्या खुर्चीत दिसलं. तू पाणी दिलंस तेव्हा प्रभू तुझ्यावर रागावला नव्हता गं. तो मागणाऱ्यांतच होता.

कालपासून मी बाटली भरत नाही. डॉक्टर म्हणाले, मशीन आता त्यांना सोसत नाही, घरी न्या, मागतील ते द्या. इतके महिने ज्या परवानगीसाठी गुडघे टेकले ती मिळाली, आणि मला माठावरचं झाकण उचलवेना. तरी पेला भरून पुढे केला. त्यांनी ओठ तेवढे ओले केले नि तो बाजूला सारला. म्हणाले, “हर्षालीच्या हातचा अर्धा राहिलाय. ती येऊ दे.” संपतदादा दुपारी परत फिरतील, त्यांच्याच गाडीत बस. माठ भरून ठेवला आहे.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई