बाबांच्या ट्रेलरमधले दगड

चेरेशेवो, रोडोपी डोंगर
१२ सप्टेंबर

प्रिय आई,

आम्ही सुखरूप आहोत. हवा छान आहे, फोनला रेंज नाही. जंगलखात्याची जीप खाली निघालीय, तिच्याबरोबर हे पत्र धाडतेय, आजच तुला मिळेल.

सायकली ठणठणीत आहेत. मागचे ट्रेलरही. तू बांधून दिलेलं ढीगभर चीज पहिल्याच मुक्कामाला संपलं. गाठोडं सोडताना बाबा म्हणाले होते, "तुझ्या आईला वाटतं आपण खिंड नाही, समुद्र ओलांडतोय."

आपला घरचा नियम तुला माहीतच आहे: ज्याच्या ट्रेलरमध्ये ओझं जास्त, तो मुक्काम ठरवणार. आणि बाबांचा मुक्काम नेहमी "अजून एक वळण, मग बघू!" त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर हे वळण मला नको होतं. म्हणून रोज सकाळी ते चहा उकळत बसले की मी त्यांच्या ट्रेलरमधला तंबू, भांडी, हत्यारं गुपचूप माझ्यात भरायचे. स्वतःवर फार खूश होते मी.

एवढीच एक गोष्ट डोक्यात आली नाही. रिकामा ट्रेलर खडकाळ वाटेवर उड्या मारतो, खडखडतो. बाबांचा अगदी शहाण्यासारखा मागे मागे येत होता. इतकी वर्षं ट्रेलर ओढतेय, तरी मला संशय येऊ नये!

काल खिंडीखालच्या चढावर ते थांबले. सायकल आडवी टाकली आणि पाणवठ्याच्या कट्ट्यावर बसले. ओठ निळे पडले होते. आई, घाबरू नकोस, गोळी दिली, थोड्या वेळानं रंग परत आला. गावातल्या डॉक्टरांनी तपासलंय. तुम्हाला खाली मोठ्या दवाखान्यात जायलाच हवं, म्हणाले.

त्यांचा ट्रेलर सोडवायला गेले तर तो हलेना. वरच्या झोपायच्या गादीखाली हात घातला. नदीतले गोटे! चांगले कलिंगडाएवढे.

"बाबा, हे काय?"

"तू माझं सामान पळवलंस. मग मुक्काम मी कोणत्या तोंडानं ठरवणार होतो?"

"म्हणून दगड ओढायचे?"

"नियम म्हणजे नियम."

मी रडले. खूप रागावले आणि खूप रडले.  मग ते उठून स्वतःच एकेक गोटा काढायला लागले. मी हात लावला तर मला ढकललं. सगळे कट्ट्यापाशी रचून झाल्यावर म्हणाले, "घे. आता ठरव मुक्काम."

"घर," मी म्हणाले.

सध्या बाबा, इथं आम्हाला ठेवून घेतलेल्या वेलिका आजींच्या ओसरीवर बसलेत. आजी त्यांना किसलेल्या बटाट्याचा जाड पोळा, पातात्निक, भरवतायत. "खा रे बाबा, फुंकर मारली तर उडशील!" म्हणतायत, आणि ते मुकाट्यानं खातायत. उद्या लाकडांचा ट्रक निघेल, त्यात सायकली, दोन्ही ट्रेलर आणि आम्ही. वाटेत मोठ्या दवाखान्यात दाखवून घरी येऊ.

दोन वाक्यांत सांगण्याजोगं होतं, पानभर लिहिलं. खरं सांगायचं राहिलंच. मी "घर" म्हणाले तेव्हा वाटलं, आता म्हणतील, अजून एक वळण. ते म्हणाले नाहीत. नुसती मान हलवली. आई, ते माझ्याशी वाद घालत नाहीत. मला त्याचीच भीती वाटते.

उद्या दारात आलो की त्यांच्यावर ओरड. नेहमीसारखी, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. ते उलट बोलेपर्यंत थांबू नकोस.

तुझी,
मुक्काम ठरवून बसलेली
स्नेझिना