मिरजेची 'वा' आणि माझा उजवा कान

महानगर, लखनौ

श्री. हरिहरराव यांना सतीशचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि देविकाचा चष्मा (ज्यावर तुम्ही बसलात) दुरुस्त झाला का, ते आधी कळवा. इकडे सगळे खुशाल. लीलावती धाकट्या बहिणीची रोज आठवण काढते, विशेषतः माझ्यावर चिडली की. साडूने साडूला कागदावर पत्र लिहावं असे दिवस राहिलेले नाहीत हे मला ठाऊक आहे; पण मी फोनवर बोललेलं हिला थेट स्वयंपाकघरात ऐकू जातं, म्हणून हा खटाटोप.

तर झालं असं की जुईने माझ्या साठीला कानात खोचायचे भारीतले इअरफोन पाठवले. डबी अशी देखणी की आत दागिना असावा. (हिला तसं वाटलंही, आणि डबी उघडल्यावर दुपारभर घरात शांतता होती.) सोबत रबरी टोप्यांच्या जोड्या: लहान, मध्यम, मोठ्या. टोपी कानात घट्ट बसली पाहिजे, फट राहिली तर बारीक आवाज निसटतात, असं लेकीने फोनवर समजावलं. वर म्हणाली, बाबा, तुमचा उजवा कान लहान आहे, त्याला छोटी लावा. आता मला सांगा, जन्मभर बरोबरीने वागवलेल्या कानांत मी पोरीच्या सांगण्यावरून असा भेदभाव करायचा? दोन्हीकडे मध्यमच बसवल्या. उजवी सारखी बाहेर यायची, मी तिला आत ढकलायचो, एवढंच.

तरीही आवाज म्हणाल तर असा, की एका जुन्या मैफलीत मला तबलजी पान चघळताना ऐकू आला. आणि बाहेरचं जग बंद. कुकर, दूधवाला, लीलावती, सगळे एकदम गप्प. (यातल्या शेवटच्या सोयीबद्दल मी जुईला मनोमन आशीर्वाद दिले.) इथल्या चौक बाजारात हिचा चिकनकारीचा कुर्ता आणायला गेलो, तेव्हा मात्र एका दुकानदाराने मला दंडाला धरून बाजूला घेतलं, माझा एक कान मोकळा केला आणि अदबीने सांगितलं, "चचा, ज़रा किनारे हो लीजिए, पीछे साँड़ साहब तशरीफ़ ला रहे हैं." साहेब मला घासून पुढे गेले. एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवं होतं.

पण पुढच्याच रविवारी आपल्या महाराष्ट्र मंडळाची गणपतीची बैठक होती. तिथे अध्यक्ष धैर्यशील मागच्या वर्षीचा अहवाल वाचतात, आणि तो संपेपर्यंत पुढचा गणपती येतो की काय अशी भीती वाटते. मी हळूच इअरफोन चढवले आणि यमन लावला. मंडळाची नवी सेक्रेटरी पूर्वा (इथेच वाढलेली, मराठी कळते पण उत्तर हिंदीत देते) माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मी हसून मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मीही वाजवल्या. ती काय विचारत होती ते घरी येताना हिच्याकडून कळलं: "अंकल, इस बार आपके अभंग की जगह बच्चों का डान्स रख लें? बुरा तो नहीं मानेंगे?" हिला वाटलं, मी मोठं मन दाखवलं.

हरिहरराव, आरतीनंतरच्या त्या अभंगाची मी वर्षभर वाट बघतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर वाट बघण्यासारखं दुसरं काही उरलेलंच नाही. तो मी स्वतःच्या मानेने घालवला. फार वाईट वाटलं.

मग ठरवलं, पूर्वाला पुरावा दाखवायचा. गेल्या वर्षी तुम्ही आला होतात तेव्हाचं रेकॉर्डिंग आहे. पहिल्या रांगेत मध्ये देविका मोबाइल धरून, तिच्या डावीकडे तुम्ही, उजवीकडे लीलावती. त्यात तुमची ती दणदणीत 'वा!' आहे. तंबोरे बनवणाऱ्या मिरजेच्या माणसाची दाद. मी ती वर्षभर पुरवून पुरवून ऐकतोय. साध्या मोबाइलवर तेवढीच ऐकू यायची. या इअरफोनमध्ये तिच्या आधीचंही आलं. तुम्ही विचारलंत, "ताई, अजून किती राहिलंय?" आणि तुमच्याकडे वाकून लीलावती म्हणाली, "थोडंच. जरा 'वा' म्हणा ना, वर्षभर वाट बघतात हो ते." आणि मग तुमची 'वा!'. मी गाताना डोळे मिटतो, त्यामुळे हे कारस्थान मला दिसलं नव्हतं.

आधी राग आला. दोन दिवस हिच्याशी कामापुरतंच बोललो. (हिच्या ते लक्षात आलं नाही.) मग विचार केला, पुरे झालं गाणं. मुलांना नाचू दे. माझ्या मनात आता काही नाही, तुम्हीही काही ठेवू नका.

देविकाला आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

आपला,
सतीश

ता. क. : पूर्वाचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. मिरजेहून एक रसिक खास सतीशरावांचा अभंग ऐकायला येतोय, असं तिला हिंदीत सांगाल का? आणि खरंच या, तिथेच बसा. 'वा' मात्र दुसऱ्या चरणानंतर नको, तिथे मी बेसूर होतो हे आता मलाही ऐकू आलंय. तिसऱ्यानंतर द्या. मनापासून नसली तरी चालेल. लीलावतीला यातलं काही कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. : लीलावतीला कळलं. मी इअरफोन घालून, तेच रेकॉर्डिंग ऐकत लिहीत होतो. मागे उभं राहून हिने सगळं पत्र वाचलं, आणि खांद्यावरून चहाचा कप पुढे आला तेव्हा मला पत्ता लागला. रागावली नाही. माझ्या उजव्या कानातली मध्यम टोपी काढली, छोटी चढवली, नीट बसवली आणि म्हणाली, "आता शेवटपर्यंत ऐका."

ऐकलं. तिसऱ्या चरणावर, तुम्ही बहुधा चपला शोधायला उठला असाल तेव्हा, उजवीकडून अगदी हळू एक 'वा' येते. ती म्हणायला तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

पूर्वाला फोन तेवढा जरूर करा. 'वा' तुम्ही नाही दिलीत तरी चालेल.