राखणदाराचं वजन

मुक्काम मुलुंड,
दवाखाना, खिडकीजवळची खाट
फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप नाना यांस,

जानकीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. खरोखर वाकले तर मला पुन्हा सरळ करायला दोन माणसं लागतात, आणि दुपारी इथे एकच आया असते.) मी इकडे जिवंत आहे, तुम्ही सगळे तिकडे धडधाकट असाल असं धरून चालते. तुझा खोकला कसा आहे? वहिनीचा गुडघा? काजूला मोहर आला का? माझी अनू शाळेत वेळेवर जाते ना? तिच्या वेण्या वहिनी फार घट्ट घालते, पोरीचे डोळे चिनी माणसासारखे होतात, तेवढं सांग. वर 'तीर्थरूप' आणि 'यांस' लिहिलं ते कागदाचा मान म्हणून, पुढे तुला अरे-तुरेच करणार आहे. तू माझा मोठा भाऊ आहेस, पण आज मला तुझा राग आलेला आहे, आणि रागात अहो-जाहो मला जमत नाही.

राग कशाचा ते सांगते, पण आधी प्रवास सांगू दे, कारण मूळ तिथेच आहे. कुडाळहून मुंबईची गाडी आपल्या गावाच्या सीमेवर तू थांबवलीस, ते आठव. सातविणीच्या झाडाखाली राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवलास. गाडीतली सगळी माणसं खाली उतरवलीस. (कंडक्टर आधी कुरकुरला, मग त्याला कळलं की मी दोन सीटं धरून बसलेली बाई पोट फाडून घ्यायला चालले आहे, तेव्हा तोही टोपी काढून उभा राहिला.) आणि मग तू गाऱ्हाणं घातलंस. नाना, तुझ्यासारखं गाऱ्हाणं पंचक्रोशीत कोणी घालत नाही, हे मी आजही मान्य करते. 'बा राखणदारा महाराजा, तुझा ह्या लेकरू आज परमुलखात जाता हा. थंय कोणी तिच्या आंगाक सुरी लायत, तर तिच्या आंगातला गुंजभर कमी होवक देव नको. जितक्या वजनाची जाता, तितक्याच वजनाची परत आणून सोड.' आणि सगळी गाडी म्हणाली, व्हय महाराजा. ड्रायव्हर म्हणाला. मीसुद्धा हात जोडून म्हटलं. मी वजन कमी करायला चालले आहे, हे त्या अख्ख्या गाडीत एकालाही सुचलं नाही.

मधुकरने (आपला हा चुलतभाऊ फार वाळलाय, पण मनाने सोनं आहे) मला आधी भांडुपला आपल्या खोलीत नेलं. तिथे मी दोन दिवस राहिले. त्या खोलीत मी, मधुकर, त्याची बायको नीला आणि स्टोव्ह एवढी मंडळी एका वेळी मावत नाहीत, म्हणून स्टोव्ह गॅलरीत गेला. मग मुलुंडला हा दवाखाना. डॉक्टर चंद्रप्रकाश अमेरिकेत शिकून आलेले आहेत, बोलतात हळू आणि हसत नाहीत. पोट उघडायचं, बरंचसं आतडं बाजूला ठेवायचं (आतच ठेवतात, आपण जुनी भांडी फडताळात मागे सारतो तसं) आणि उरलेलं जोडायचं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. पण त्यांनी माझी छाती तपासली आणि म्हणाले, ह्या वजनावर भूल दिली तर बाई टेबलावरच राहील. आधी दुधीभोपळ्यावर राहून काही किलो उतरवा, मग सुरी. नाही उतरवलंत तर ह्या हृदयावर मी वर्षभराचीही खात्री देत नाही. कणकवलीचा डॉक्टर हेच सांगत होता, पण तो आपल्या ओळखीचा, त्यामुळे आपण त्याला चहा पाजून गप्प केलं होतं.

तेव्हा मी दुधी खाल्ला. नाना, मी उकडलेला दुधी खाल्ला, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, वर मीठ नसलेलं ताक. आणि मी वाळले. खोटं सांगत नाही. ब्लाउजच्या बाह्या लोंबायला लागल्या. जी अंगठी साबण लावूनसुद्धा निघत नव्हती, ती एका दुपारी आपणहून ताकात पडली. आरशात माझी मान दिसायला लागली, जी मी लग्नानंतर पाहिली नव्हती. मधुकर भेटायला आला तो माझ्या खाटेवरून पुढे निघून गेला आणि पलीकडच्या बाईला तब्येत विचारायला लागला. आणि काटा? दवाखान्याचा काटा घड्याळासारख्या तबकडीचा आहे, आपण पाटावर उभं राहायचं. पहिल्या दिवशी एकशे सव्वीस. पहिल्या आठवड्यानंतर एकशे सव्वीस. त्याच्या पुढल्या आठवड्यात एकशे सव्वीस. डॉक्टरांनी काटा बदलला. नव्या काट्यावरही तेच.

मग माझ्यावर चोरीचा आळ आला. माझी उशी उसवून पाहिली. गादीखाली पाहिलं, ट्रंक उपसली, नीलाने आणलेल्या देवाच्या अंगाऱ्याची पुडीसुद्धा चाखून पाहिली. माझ्यावर पाळत ठेवायला द्रौपदीबाईंना बसवलं. ह्या इथल्या आया, मूळच्या जालन्याकडच्या, आता घाटकोपरला राहतात. बोलणं एकदम रोखठोक. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, बाई, लपवलं असंल तर सांगून टाक, निम्मं मला दे, मी कोणाला बोलत नाही. काही नव्हतंच, तर काय देणार?

आता पुढचं वहिनीला वाचून दाखवू नकोस. इथे दुपारी जेवणं झाली की सगळा दवाखाना निजतो. पंखे बंद असतात (वीज वाचवतात), खिडकीतून मागचा डोंगर दिसतो आणि एकही पान हलत नाही. अशा दुपारी माझ्या खाटेशी विडीचा वास येतो. इथे विडी कोणी ओढत नाही, डॉक्टर फाडून खातील. आधी मला वाटलं तुझ्या विडीची आठवण येतेय. मग पाहुण्यांसाठी ठेवलेल्या स्टुलाकडे माझं लक्ष गेलं. वेताचं विणलेलं स्टूल आहे. त्यावर कोणी नव्हतं. आणि बसायची जागा खाली गेलेली होती, खोलगट, माणूस बसल्यावर जाते तशी. मी बघत असताना वेत जरासा करकरला, कोणीतरी अंग सावरून बसलं असावं तसा. नाना, मी ओरडले नाही. ओरडून काय सांगणार होते? स्टुलावर कोणी नाही, म्हणून? मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आत रामरक्षा म्हटली, आणि बाहेरून कोणीतरी खाकरलं. रागावून नव्हे. आपल्याकडची म्हातारी माणसं ओसरीवर खाकरतात तसं, मी आहे हां, एवढं कळवायला.

मधुकरला सांगितलं तर तो म्हणाला, डॉक्टरचे काटे खोटे, माझ्या कारखान्यात चल. तो साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे, तिथे लोखंडाच्या सळ्या मोजायचा मोठा काटा आहे. डॉक्टरांकडून कशीबशी सुट्टी काढून टॅक्सीने गेलो. सगळे कामगार हातातलं काम टाकून भोवती जमले. (बाई माणूस सळ्यांच्या काट्यावर चढलेली त्यांनी पाहिली नव्हती. एकजण म्हणाला, झकास, आता माल पास झाला.) मी चढले. एकशे सव्वीस. मधुकरचं तोंड पडलं. मी उतरले. आणि काटा शून्यावर गेला नाही. तो अकरावर येऊन थांबला. सगळे बघत होते. एकाने पाट पुसला, त्यावर काही नव्हतं. मग पाट हळूच वर आला, पुढची कड आधी, मागची नंतर, आणि काटा शून्यावर गेला. माझ्या पाठीमागून सावकाश कोणीतरी उतरलं, नाना, उतारवयाचं. मघाशी थट्टा करणारा माणूस मुकाट्याने मशीनवर जाऊन उभा राहिला आणि परत येताना टॅक्सीवाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

तेव्हा मला उमजलं. मी जेवढी उतरतेय, तेवढा तो भरून देतोय. तू सांगितलंस तितक्याच वजनाची परत न्यायला तो माझ्याबरोबर आलेला आहे, त्याच गाडीतून, बहुतेक माझ्या दुसऱ्या सीटवर बसून, आणि शब्दाला जागतोय. दवाखान्यात आल्यावर मी द्रौपदीबाईंना म्हटलं, मी काट्यावरून उतरले की लगेच नजर काढू नका. त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी फडकं घेऊन आल्या, स्टुलासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, बाबा, पाय जरा वर घ्या, फरशी पुसायची हाय. आणि मला म्हणाल्या, आमच्यात असलं काही मानत नाहीत, पण फरशी पुसावी लागते.

मला त्याचा धाक वाटतो, आणि खरं सांगू, आधारही वाटतो. परक्या मुलखात कोणीतरी आपलं बसलेलं असणं ही लहान गोष्ट नाही. पण आज डॉक्टरांनी सांगून टाकलं. ह्या आठवड्यात काटा खाली आला नाही तर खाट सोडा आणि गावी जा. गावी गेले तर काय होईल ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. अनूचा बाप गेला तेव्हा ती रांगत होती. आता आई गेली तर तिला सगळं कळेल. मला मरायचं नाही, नाना. मला तिच्या वेण्या सैल घालायच्या आहेत.

बाकी सर्व ठीक. काळजी करू नये. मला कशाचीही गरज नाही. वहिनीला नमस्कार, अनूला गोड पापा.

तुझी धाकटी बहीण,
जानकी

ता. क. गरज एका गोष्टीची आहे. गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यानेच मागे घ्यायचं असतं, म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, मधुकर उद्या कुडाळच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देईल. पत्र मिळाल्याबरोबर सीमेवर जा, नारळ ठेव आणि त्याला सांग, महाराजा, चूक झाली, वजन तिथेच टाकून ये. मोठं भाषण करू नकोस. तुझ्या भाषणानेच माझी वाट लागली आहे.

ता. क. दुसरा. पत्र अजून माझ्याकडेच आहे, मधुकर संध्याकाळी येईल. काल वरचं लिहून झाल्यावर मला धीर निघेना. गाऱ्हाणं घालायला मला कोणी शिकवलेलं नाही, बायका घालत नाहीत, म्हणून त्या स्टुलाकडे तोंड करून साधंच बोलले. म्हटलं, बाबा, तुम्ही शब्द पाळलात, तुमचे उपकार आहेत, पण ह्या वजनाने मी मरेन. माझी पोर लहान आहे. मला जगू द्या. बराच वेळ काही झालं नाही. मग वेत करकरला, एकदाच.

आज सकाळी काट्यावर चढले, तर एकशे तेरा. डॉक्टर पहिल्यांदा हसले. सोमवारी ऑपरेशन ठरलं. मधुकरला निरोप गेला, नीला शेजाऱ्यांना साखर वाटते आहे म्हणे. मी उतरले आणि काटा सरळ शून्यावर गेला. दुपारी विडीचा वास आला नाही. द्रौपदीबाई फडकं घेऊन आल्या, स्टुलाखालून सरसर पुसून गेल्या, थांबल्या नाहीत, कोणाला पाय वर घ्या म्हणाल्या नाहीत. तेव्हा मला जे रडू फुटलं ते अजून थांबत नाही. जे हवं होतं तेच मिळालं, आणि खोली एवढी मोकळी वाटते की मला तिकडे बघवत नाही.

म्हणून नाना, नारळ राहू दे. तू स्वतः ये. पत्र हातात पडेल त्याच दिवशीची गाडी धर, सोमवारच्या आत पोच. मला आत नेतील तेव्हा दाराशी आपलं माणूस हवं आहे, आणि मला फार भीती वाटते आहे. येताना गाडी सीमेवर थांबवशीलच. झाडाखाली जाऊन उभा राहा. तो पोचलाय असं वाटलं तर माझ्यातर्फे हात जोड. तिथे कोणी नाही असं वाटलं, तर ऑपरेशन होईपर्यंत मला सांगू नकोस.