दोन चमचे पाणी

४ मार्च, सोमवार

आज ताईंकडे राहायला आले. खोली मनात धरली होती त्याहून छान निघाली. खिडकी पूर्वेला, टेबल चांगलं रुंद, त्याला दोन खण. एक सहज उघडतो, दुसऱ्याची मनधरणी करावी लागते. ताईंनी दारातच सांगितलं, की आधी जेव आणि मग काय घाबरायचं ते घाबर. मी घाबरलेय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बाबा म्हणतात, माझा चेहरा म्हणजे उघडी वही.

ताई साठीच्या पुढच्या. त्यांचे यजमान नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेले होते आणि सगळं ताईंनीच घरी केलं. तेव्हा त्यांनी ब्लॉग सुरू केला, तो यजमान गेल्यावरही बंद केला नाही. ज्यांच्या घरी असं कुणी पडून आहे ते लोक तिथे येतात, आणि खरं तर ताईंच्या लेखांपेक्षा खालच्या प्रतिक्रियांसाठी येतात. कूस कशी बदलावी, पाठीला जखम झाली तर काय लावावं, आज मी आईवर ओरडले, आता मला झोप कशी येणार. ताई प्रत्येकीखाली निदान एक शब्द लिहितात: ‘पोचलं.’ चौदा वर्षांत एकही प्रतिक्रिया त्याशिवाय राहिलेली नाही.

पण हल्ली भामट्या जाहिरातींचा पूर येतो, दिवसाला चारशे. ताईंचे डोळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझ्या आधीच्या मुलीने म्हणे एका दुपारी इतकी झाडलोट केली, की जाहिरातींबरोबर ताईंचे दोन लेखही केरात गेले. हे सांगताना ताई स्वतःच इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.

माझं काम असं: प्रतिक्रियांची व्यवस्था घरचीच ठेवावी, की बाहेरच्या कंपनीकडे सोपवावी, हे महिनाभरात पारखून सांगायचं. बारा वर्षांची होईपर्यंत मला आईबाबांनी घरीच शिकवलं. निर्णय घ्यायचा तर पानाच्या मधोमध रेघ मारायची, ही तिथलीच सवय. रेघ मारून ठेवली आहे.

६ मार्च, बुधवार

डावीकडे, म्हणजे सोपवावं या बाजूला: जाहिराती त्यांची यंत्रणा आपोआप अडवते. कुणी उत्तर दिलं की लिहिणाऱ्याला कळवते. जुन्या एकसष्ट हजार प्रतिक्रिया उचलून नेता येतात. ताईंच्या डोळ्यांना आराम.

उजवीकडे: प्रतिक्रिया आपल्या घरी न राहता त्यांच्या घरी राहणार. उद्या कंपनीने दुकान गुंडाळलं तर चौदा वर्षं गुंडाळली जातील. पान उघडायला वेळ लागतो. वाचणारा कुठे कुठे जातो यावर ती नजर ठेवते. शिवाय त्यांची स्वतःची जाहिरात मध्येच येते. नमुन्याच्या पानावर एका मुलाने वडील गेल्याचं लिहिलं होतं आणि लगेच खाली चाकाच्या खुर्चीचं चित्र हसत उभं होतं.

ताईंना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, की मी अशी भाजी निवडत बसले तर संध्याकाळी जेवायला मिळणार नाही. इतकं निवडू नकोस, पोरी, थोडं वापरून बघ.

८ मार्च, शुक्रवार

आजपासून वापरून बघतोय. यंत्रणेने पहिल्याच तासात ‘संशयित’ म्हणून एकशे बारा नावं पुढे केली. प्रत्येक नाव आपण पाहायचं आणि खूण केली की ते झाकलं जातं. झाकणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. त्या माणसाला स्वतःची प्रतिक्रिया दिसत राहते, बाकी कुणालाच दिसत नाही, ताईंनाही नाही; झाकलेल्यांची यादी मुद्दाम उघडली तरच दिसते. म्हणजे भामट्याला कळतच नाही, की आपण भिंतीशी बोलतोय. मला हे जरा दुष्ट वाटलं, पण सोयीचंही वाटलं.

एकशे अकरा सरळसरळ भामटी होती. एकापाशी अडले. नाव ‘दुसरा मजला’. रोज दुपारी चारला एकच ओळ: ‘आज दोन चमचे पाणी घेतलं.’ कधी तीन चमचे, बाकी अक्षर इकडचं तिकडे नाही. या यादीत नुसती ओळ दिसते, खालची उत्तरं दिसत नाहीत. माणूस असं लिहील का? बाबा माझ्या निबंधात तेच वाक्य पुन्हा आलं की तांबड्या पेन्सिलीने उडवायचे, म्हणायचे, एकदा सांगितलेलं माणसाला पुरतं. बराच वेळ हात थांबला. ताई चहा ठेवायला आल्या, माझ्यामागे क्षणभर उभ्या राहिल्या आणि काही न बोलता गेल्या. विचारायला हवं होतं. मी खूण केली.

१५ मार्च, शुक्रवार

एकही जाहिरात नाही. ताई आठवडाभर दुपारी चक्क झोपतायत. म्हणाल्या, चौदा वर्षांनी पहिल्यांदा दुपार कशी असते ते पाहिलं. डावी बाजू जड होतेय. बाबांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले की निकाल लागायच्या आधी पेढे वाटू नकोस.

२७ मार्च, बुधवार

अहवाल लिहायला घेतला. झाकलेल्यांवर पुन्हा एकदा नजर टाकल्याशिवाय सही करणं बरं वाटेना. ‘दुसरा मजला’ उघडलं. जसं होतं तसं उतरवून ठेवते.

९ मार्च. आज दोन चमचे पाणी घेतलं.

१० मार्च. आज दोन चमचे पाणी घेतलं. ताई, कालचं ‘पोचलं’ आलं नाही. बऱ्या आहात ना?

१२ मार्च. स्वयंपाकघरात स्टुलावरून पडले. कंबर हलत नाही. फोन आईच्या खोलीत आहे. हातात जुना टॅब आहे, काच फुटलीय, हेच पान उघडं आहे. कुणी वाचलं तर पत्ता देते.

त्याखाली पत्ता. इथून बसने दोन तास.

१३ मार्च. आई हाका मारते. मी ओ देते, म्हणजे तिला वाटतं मी कामात आहे.

१४ मार्च. आता ओ देता येत नाही. ताई, एकच शब्द लिहा.

पान मिटून टाकावंसं वाटलं. पण पुढे पाहिलं आणि रडू फुटलं, सुटकेचं. सोळा तारखेपासून पुन्हा रोज चारला तीच ओळ. आजचीसुद्धा आहे. म्हणजे कुणीतरी आलं, ती उठली, दोघी ठीक आहेत. उद्या जाऊन तिची माफी मागणार. तिथून परत आल्यावर ताईंना सांगेन.

२८ मार्च, गुरुवार

जाताना संत्री घेतली होती. ती परत आणली आहेत.

इमारत तीन मजल्यांची, जिन्याला हिरवा कठडा. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला नवीन कुलूप होतं. खालच्या वॉचमनने सांगितलं, की सोळा तारखेला सकाळी दार फोडलं. मुलगी स्वयंपाकघरात पडलेली, आई पलंगावर. दोघीही गेलेल्या. शेजारची बाई रडत सांगत होती, की म्हातारीच्या हाका येत होत्या, पण त्या तर रोजच यायच्या हो, रोजच्या गोष्टीकडे कोण कान देतं.

मी मान हलवली. बोलले नाही, की माझंही तसंच झालं.

मग सोळा तारखेच्या दुपारपासून लिहितंय कोण?

२९ मार्च, शुक्रवार

कंपनीच्या मदतनिसाशी बोलले. त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं, की त्या नावाने चौदा मार्चनंतर एकही नोंद नाही, मॅडम, तुमच्याकडे जुनं पान साठून राहिलं असेल, सगळं पुसून पुन्हा उघडा.

पुसलं. पुन्हा उघडलं. चार वाजले.

‘आज पाणी घेतलं नाही. चमचा धरायला कुणी नाही.’

झाकलेलं नाव मोकळं करायचं बटण आहे. दहा वेळा दाबलं. मोकळं होतं आणि पान उघडलं की परत झाकलेलं.

३० मार्च, शनिवार

ताईंना सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. म्हटलं, माझ्या हातून झालं, मला घालवून द्या.

त्या टेबलाची कड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, की त्या दिवशी चहा घेऊन मी मागे उभी होते, पोरी. तू कोणत्या नावापाशी अडलीस ते पाहिलं. ती कोण आहे हे मला माहीत होतं. सहा वर्षं रोज तिला पोचलं लिहिलं होतं. तुला थांबवायला तोंड उघडलं आणि मनात आलं, की एक दुपार. एक दुपार तरी. दुसऱ्या दिवशी मोकळं करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी झोप इतकी छान लागली.

मला राग यायला हवा होता. मी त्यांचा हात धरला. तो पिसासारखा हलका होता.

१ एप्रिल, सोमवार

ताई कालपासून टेबलापाशी आहेत. त्या ओळींखाली एकेक करून ‘पोचलं’ लिहितात. लिहिलेलं टिकत नाही, पान उघडलं की जागा रिकामी. त्या पुन्हा लिहितात. जेवत नाहीत. मी चमच्याने पाणी दिलं. दोन चमचे घेतलं.

चार वाजता ओळ आली. ‘आज दोन चमचे पाणी घेतलं.’

मी नाही लिहिली.

२ एप्रिल, मंगळवार

ताईंना पलंगावर नेलं. उठवत नाही त्यांना. डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. तिथली बाई नावं पुकारत होती, मी समोर उभी राहून सांगत होते, ती माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाला आत बोलावत होती. दोनदा. मी मोठ्याने बोलले असं मला वाटतं.

बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला. हॅलो, हॅलो म्हणत राहिले. मग आईला म्हणाले, पलीकडे कुणी बोलत नाही. मी तर सगळं सांगत होते –

३ एप्रिल, बुधवार

ब्लॉगवर लिहिलं. ताई आजारी आहेत, कुणीतरी या, हा पत्ता. दिसतंय. माझं नाव, वेळ, सगळं नीट. सकाळपासून एकही उत्तर नाही.

ताईंच्या फोनवरून तेच पान उघडून पाहिलं. तिथे माझं काहीच नाही.

कुणाला दोष देऊ? ती अशीच थांबली असेल. पान उघडायची, मिटायची, उघडायची –

ताई हाक मारतात. मी ओ देते.

४ एप्रिल, गुरुवार

दुपार. वरून आवाज येतोय. वाटीत चमचा फिरतो तसा.

हे घर बैठं आहे. वर फक्त पत्रा आहे.

ताईंनी डोळे उघडले. त्यांनाही ऐकू येतंय. मला खुणेने म्हणाल्या – नको, ओ देऊ नकोस – माझी मनगटं धरली, इतका जोर कुठून आणला –

पण ती रडत नाही. रागावलेली नाही. नुसतं विचारते. वरून, हळू, पुन्हा पुन्हा तेच वाक्य, की खाली कुणी आहे का. मला ते दुसऱ्यांदा उडवता येणार नाही. ताई, मला सोडा. एकदा तरी तिला कुणीतरी –

चार वाजले. मी आहे म्हट