गिट्टीच्या रस्त्यावरचा निरोप

बाबा, या सायकलला स्टँड नाही. एवढी गंभीर तक्रार घेऊन तुमच्याकडे यावं लागलं, कारण ती ऐकून घेणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही. बऱ्यापैकी मोटारसायकलच्या भावात घेतलेली सायकल, आणि तिला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी वेगळी विकत घ्यायची. दुकानदाराला विचारलं, "उभी कशी करायची?" तर तो माझ्या वयाकडे बघून दयेनं हसला. "सर, ही उभी करायसाठी नसतेच." परवा दारव्ह्याच्या चौकात एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात सायकल धरून मी पाव तास उभा होतो. शेवटी तिथल्या एका जीपवाल्याला राहवलं नाही. म्हणाला, "काका, सोडा न तिले. बैल हाय का ते पळाले?"

तुम्ही विचाराल, मग घेतली कायले? तर ऐका. ही सायकल खास गिट्टीवर चालवण्यासाठी बनवतात. जाड टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. ज्या रस्त्यांना आपण जन्मभर शिव्या घातल्या, त्या रस्त्यांवर आता लोक पैसे भरून जातात आणि दुखऱ्या कमरेचे फोटो एकमेकांना पाठवतात. माझ्या वयाच्या माणसानं देवाधर्माला लागावं, पण तिथं माझ्या लेखांमुळे कोणी उभं करत नाही. दर आठवड्याला वर्तमानपत्रात लोकांचं खोटं उघडं पाडणं हा माझा धंदा आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि फक्त घरातच टोमणे मारायचो. आता घरात टोमणे मारायलाही कोणी नाही. तुमची सून बहुतेक पुण्याला मुलीकडे असते. माझ्या विनोदांपासून तिला थोडी विश्रांती हवी आहे, असं ती म्हणते, आणि ते ती विनोदानं म्हणत नाही.

ऑक्टोबरात मी नाशिककडे गेलो होतो, द्राक्षांच्या मुलखात आणि त्यामागच्या डोंगरांत ही सायकल हाकायला. आम्ही पंधरा-सोळा जण होतो, डॉक्टर, बिल्डर, एक निवृत्त न्यायाधीश, सगळ्यांचे कपडे पोपटासारखे. दोन दिवसांत कोणी कोणाशी धड बोललं नाही, कारण प्रत्येक जण आपल्या हँडलवरच्या यंत्रात आपलाच वेग बघत होता. एका चढावर मी मागे पडलो. बाजूच्या बागेत एक माणूस कात्रीनं वेली छाटत होता. पंधरा माणसांत जो एकटेपणा येतो तो घालवायचा म्हणून मी त्याला, अगदी तुमच्या आवाजात, विचारलं, "पाऊस गेला का पण? घाई तर नाही ना झाली?" तो हात न थांबवता म्हणाला, "निरोप आल्याबिगर आम्ही कात्री लावीत नाही, साहेब. इथं एका निरोपावर बाग जगते नाहीतर मरते." खिशातला मोबाईल त्यानं थोपटून दाखवला. मी सायकलवर बसलो, पण पुढचा डोंगर कसा होता ते आठवत नाही. खाली गिट्टी वाजत होती, एवढंच आठवतं.

तुम्ही कृषी सहायक. काळी सायकल, कॅरिअरला बियाण्याच्या पिशव्या, आणि कधी कधी त्या पिशव्यांवर मी. तुमची एक सवय मला भयंकर छळायची. गाव आलं की तुम्ही उतरायचात आणि गाव संपेपर्यंत सायकल हातात धरून चालायचात. वस्ती दहा घरांची असो की शंभर. मी चिडून विचारायचो, "काहून उतरता बाबा दर वेळेस?" तुम्ही म्हणायचात, "सायकलवरच्या मान्साले कोनी काही सांगत नाही रे." आणि खरंच, दर दारातून कोणीतरी काहीतरी सांगायचं. सोयाबीनची अळी, तुरीचा मर, सुनेचं बाळंतपण. तुम्ही सगळं सारख्याच गांभीर्यानं ऐकायचात.

त्या वेळी चढावरच्या बंजारा तांड्यातल्या नायकानं तुमच्या शब्दावर एक एकर द्राक्ष लावलं होतं. कापसाच्या मुलखात द्राक्ष म्हणून लोक हसायचे. "साहेबानं नायकाले येडं केलं." पण पहिल्या वर्षी नायक स्वतः टोपली घेऊन आपल्या घरी आला. खाली पळसाची पानं, वर हिरवे घड. आई तेव्हा भाकरी थापत होती. तुम्ही एक मणी उचलून उजेडात धरलात आणि बराच वेळ खाल्ला नाहीत. मला वाटलं, आंबट निघेल म्हणून घाबरलात. आता वाटतं, तसं नसावं.

दुसऱ्या वर्षी छाटणीच्या तोंडावर तुम्ही हिवतापानं पडलात. मी नववीत. तुम्ही मला जवळ बोलावलंत. "तांड्यावर जाय. नायकाले सांग, पाऊस अजून गेला नाही. दसऱ्याच्या आंधी कात्री लावू नको म्हना." दोन कोस वाट. तुमची सायकल मला पहिल्यांदाच एकट्याला मिळालेली. चढाच्या पायथ्याशी पोचलो तर रस्त्यावर नवी गिट्टी पसरलेली, रोलर फिरायचा बाकी. चाक रुतलं. दोनदा ढकललं, दोनदा पडलो, गुडघा फुटला. मी चाकाला लाथ मारली आणि वळलो. फाट्यावर आलूबोंडा खाल्ला. घरी येऊन सांगितलं, "सांगतलं."

नायकानं निरोपाची वाट पाहिली आणि मग दसऱ्याच्या आधीच छाटणी केली. परतीचा पाऊस आठवडाभर मुक्कामाला बसला. कोवळ्या फुटीवर केवडा रोग पडला, घड कुजले. तुम्ही बरे होऊन तांड्यावर गेलात. मंदिराच्या ओट्यावर चार माणसांत तो म्हणाला, निरोप आलाच नाही, आणि त्याच चार माणसांत तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात. हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत, त्या संध्याकाळी जेवताना. मग म्हणालात, "माहा पोरगा खोटं नाही बोलत." आणि थांबलात. हातातला घास हातातच. मी म्हणालो, "आई, वरण वाढ." नंतर तुम्ही त्या तांड्याकडे कधी गेला नाहीत. बदली होईपर्यंत तीन कोसांचा फेरा घालून पलीकडच्या गावांना जात राहिलात.

गेल्या रविवारी मी गेलो, बाबा. तो रस्ता मध्यंतरी डांबरी झाला होता म्हणतात. आता ठेकेदाराच्या कृपेनं तो पुन्हा गिट्टीचा आहे, जणू माझी वाट बघत थांबलेला. सायकल मात्र लोण्यातून जावी तशी वर गेली. हिला काय, हिचा जन्मच त्यासाठी. तांड्याच्या पहिल्या घरापाशी मी उतरलो. बागेचे लोखंडी अँगल अजून उभे आहेत, तारांवर आता दोडक्याचे वेल. त्यातल्याच एकाला सायकल टेकवली. माझं हेल्मेट आणि घट्ट कपडे बघून एक बाई दुसरीला म्हणाली, "हे कोन होय वं? सर्कस आली का?"

नायक मंदिराच्या ओट्यावर बसला होता. ऐंशी तरी ओलांडली असतील. बाजूला चौघे पत्ते कुटत होते.

"मी साहेबाचा पोरगा," मी म्हणालो.

"कोनत्या साहेबाचा? साहेब लय झाले."

"द्राक्षाच्या. सायकलवाल्या."

 तो बाजूला सरकला. "आव, बेस."

मी ठरवून गेलो होतो की त्याच्या कानाशी हळूच सांगायचं आणि निघायचं. सांगितलंही. त्यानं हात हलवला. "जोरानं बोल. ह्या कानाईत आता निर्‍या मधमाश्या हायेत." मी जरा मोठ्यानं सांगितलं. "अजून जोरानं." मग मी ओरडलो, "तेव्हा मी आलोच नव्हतो! बाबांनी निरोप दिला होता, मी सांगितला नाही! खोटं मी बोललो, तुम्ही नाही!" पत्ते थांबले. दारात बाया येऊन उभ्या राहिल्या. सगळा तांडा ऐकत होता.

"हव," नायक म्हणाला. "दोन कोसाले चाळीस वर्सं लावले तुनं. साहेब त अर्ध्या घंट्यात ये." पत्तेवाले हसले. तो हसला नाही. "म्या पाह्यलं होतं तुले, वरून. साहेबाची सायकल वळखत नाही का मी? चाकाले लात मारली, अन् वापस."

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

"ओट्यावर नाही सांगतलं. चार मान्साईत पोराले कायले पाडाचं? खालपर्यंत पोचवाले गेलतो साहेबाले, तथी सांगतलं. साहेब म्हने, पोराले इचारतो." त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "मंग आलेच नाही. म्या वाट पाह्यली. द्राक्षासाठी नाही. पानी पे."

मी पाणी प्यायलो.

म्हणजे बाबा, तुम्हाला माहीत होतं. त्या संध्याकाळी तो घास हातात धरून तुम्ही जे बोललात, तो प्रश्न होता. तुम्ही विचारलंत आणि मी वरण मागितलं. माझ्याकडून उत्तर आल्याशिवाय तुम्हाला त्या ओट्यावर जाता येणार नव्हतं, म्हणून तीन कोसांचा फेरा. मी चाळीस वर्षं समजत होतो की मी तुम्हाला फसवलं. तेवढंही मला जमलं नव्हतं.

परतताना उतार होता. सायकल आपोआप पळाली असती. मी शेवटच्या घराच्याही पुढे, दोडक्याचा मांडव मागे पडेपर्यंत, तिला हातात धरून चाललो. दोन दारांतून दोन माणसांनी थांबवलं. एकाच्या विहिरीची मोटर जळली आहे. दुसरीचा मुलगा पुण्याला गेलाय आणि फोन करत नाही. मी दोन्ही नीट ऐकून घेतलं. काही उपाय सांगितला नाही. तुम्हीही बहुतेक वेळा सांगत नव्हतात.

हे पत्र पोस्टात टाकलं असं म्हणालो, तर तुम्ही पुन्हा घास हातात धरून थांबाल. म्हणून आत्ताच सांगतो. टाकलेलं नाही.