दुधनीत नसलेली मुलगी

मी, मुक्ता नागनाथ सरवदे, वय चौसष्ट वर्षे, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, राहणार सात रस्त्यामागे, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. हृदयाची झडप खराब आहे, डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही. लाज आहे, पण तिला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, असे वकिलांनी सांगितले.

१. माझ्या मालकीच्या दोन खोल्या व बँकेतील ठेव भाची कीर्ती धम्मदीप सरवदे हिला मिळावी. आजारपणात तिनेच मला सांभाळले. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. भाऊ धम्मदीप मला पाहुण्यांसमोर ‘मढ्याचे डोळे काढणारी’ म्हणाला होता. तरीही लोखंडी कपाट त्याला द्यावे. कुलूप अडकते, ते त्याने सोसावे.

३. खालील मजकूर मिळकतीचा नाही, पण त्याच्याशिवाय हा कागद खोटा ठरेल.

सन २०१४ मध्ये मी येथील एका नेत्रपेढीत कामाला होते. दुधनीजवळच्या वस्तीवर केराबाई वाघमोडे वारल्या, तेव्हा नेत्रदानाची संमती घ्यायला मी तिथे गेले. त्यांचा मुलगा बिरुदेव मेंढपाळ, आईला अव्वा म्हणे. त्याने विचारले, “अव्वाचं डोळं कुनाला बसवनार?”

मी म्हणाले, “दोन माणसं बघतील.”

डोळे रोपणास योग्य नसल्यास संशोधनासाठी वापरले जातील, असा परिच्छेद संमतिपत्राच्या शेवटी होता. तो मी वाचून दाखवला नाही. डोळे सहा तासांत काढावे लागतात, घाई होती. शिवाय तो वाचला की लोक मागे सरतात, हे मला ठाऊक होते. बिरुदेवने सही केली.

तपासणीत केराबाईंच्या बुबुळावरचे पारदर्शक पडदे रोपणास कमकुवत निघाले. ते वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेत गेले आणि तिथे माझ्याच हाती आले. तोवर आम्ही डोळ्याच्या पेशी काचेच्या बशीत सपाट पसरून, एकेका प्रकारच्या वेगळ्या वाढवत असू. तशा त्या जगतात, पण डोळ्यासारख्या वागत नाहीत. या वेळी आतल्या थरातल्या पेशी मऊ जेलमध्ये मिसळल्या आणि वर पृष्ठभागाच्या पेशी सोडल्या. अठराव्या दिवशी त्यांनी मिळून थरावर थर रचले होते. ओरखडा काढला, तर तो त्यांनी चार दिवसांत भरून काढला. त्यांच्यावर तपासलेले एक थेंबांचे औषध जाळणारे निघाले. ते माणसाच्या डोळ्यांपर्यंत गेलेच नाही. मला फार अभिमान वाटला. हे सगळे बिरुदेवला सांगता आले असते.

वर्षाने तो आला. “कोन बघतंय अव्वाच्या डोळ्यानं?”

त्याच्यासमोर मला जेल आणि बशी हे शब्द उच्चारवेनात. मी म्हणाले, “दुधनीची एक मुलगी. नाव गुप्त असतं, कुणाला सांगू नका.” त्याचे गाव त्या बाजूला, म्हणून दुधनी तोंडात आले असावे.

तो मेंढरे विकायला दुधनीच्याच बाजारात जाई. तिथे शाळा सुटण्याच्या वेळी रस्त्याकडेला उभा राहून तो मुलींच्या डोळ्यांत बघू लागला. २०१६ मध्ये लोकांनी त्याला धरून मारले. पुढचा दात पडला. का बघतोस, असे विचारले तेव्हा तो गप्प राहिला. हे त्यानेच माझ्या टेबलासमोर बसून सांगितले. “बाई, मी तुमचं नाव घेतलं न्हाय. गुप्त म्हनला हुता की.”

मी त्याला चहा पाजला. एवढेच केले. पुढे त्याने तो बाजार सोडला आणि मेंढरे दूरच्या बाजाराला नेऊ लागला.

४. वरील कलम माझ्या पश्चात बिरुदेवला वाचून दाखवावे, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. ते वाचून कीर्ती म्हणाली, “आत्या, म्हणजे तुला त्याच्या तोंडाकडे बघायला नको, एवढंच ना?” मी ते वाक्य खोडले.

५. गेल्या महिन्यात कीर्तीसह मी बिरुदेवकडे गेले. तो मेंढीचा वाढलेला खूर कापत होता. मी सांगत असताना त्याने मेंढीचा पाय सोडला नाही.

“म्हंजी दुधनीत कुनीच न्हाय,” तो म्हणाला.

“नाही.”

खूर पुरा कापून झाल्यावर म्हणाला, “मला सांगून काय उपेग? मला मारल्याली मानसं तितं बाजारात हायत. तितं सांगा.”

बाजाराच्या दिवशी तिथे उभी राहून मी सांगितले. बिरुदेवही आला होता. गलक्यात ऐकू जाईना, दोनदा सांगावे लागले. बसलिंगप्पा नावाचे कापडवाले पुढे आले आणि पहिली थप्पड आपली होती, असे म्हणाले. त्यांनी टोपी काढून हात जोडले. बिरुदेवने त्यांच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. मेंढरांच्या रांगेत जाऊन तो भाव विचारू लागला.

६. मृत्यूनंतर माझे डोळे दान करावेत. रोपणास योग्य नसल्यास ते त्याच प्रयोगशाळेला द्यावेत. त्यांतील पेशी एकत्र वाढवण्यास माझी हरकत नाही. कीर्तीला संमतिपत्र शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावे. डोळ्यांचे काय झाले ते तिला खरे सांगावे. कोणत्याही मुलीचे नाव सांगून तिचे समाधान करू नये.

७. या कागदावर साक्षीदार व्हाल का, असे मी बाजारातून निघताना बिरुदेवला विचारले होते. तो म्हणाला, “न्हाय, बाई. तुमच्या कागदावर माजी एक सही हाय. ती बास.”

म्हणून साक्षीदार खालीलप्रमाणे. दोघांनीही संपूर्ण मजकूर वाचून, माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

मुक्ता नागनाथ सरवदे (सही)

साक्षीदार:
१. मानसिंग रजपूत, शेजारी (सही)
२. सोनम बनसोडे, परिचारिका (सही)

सोलापूर, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५